आठ शुभ्र वल्ह्यांचा वारसा

वारसा या शब्दाशी बँकेत वावरणाऱ्या माणसाचा संबंध रोजचा असतो. ठेवपावतीवरील नामनिर्देशन, मृत ठेवीदाराच्या खात्यावरील दावा, विम्याची पॉलिसी, घराचे दस्तऐवज या साऱ्यांतून एका पिढीचे संचित दुसऱ्या पिढीच्या हाती कसे सोपवले जाते, हे आपण नित्य पाहत असतो. कधी हे हस्तांतर बिनबोभाट पार पडते, तर कधी एखाद्या साध्या कागदाचे मुदतीत नूतनीकरण न झाल्यामुळे भरले घर उघड्यावर येते. परंतु कोणत्याही खातेवहीत ज्याची नोंद होत नाही, असाही एक वारसा असतो. तो नावाचा असतो, व्यवसायाचा असतो आणि संकटकाळी कसे वागावे, याच्या न बोलता दिलेल्या शिकवणीचा असतो.

इंग्लंडचा मोटारशर्यतपटू डेमन हिल याच्या आयुष्यात या दोन्ही वारशांची गाठ पडली. पहिला वारसा त्याच्या वयाच्या पंधराव्या वर्षी एका रात्रीत बुडाला. दुसरा हाती यायला त्यानंतर एकवीस वर्षे जावी लागली. ही कथा वेगाच्या खेळातील असली, तरी तिच्यातील सुखदुःखे कोणत्याही घरातील माणसाला परकी वाटू नयेत अशी आहेत.

वल्ह्यांकडून चाकांकडे

डेमनचे वडील ग्रॅहम हिल यांचा जन्म १५ फेब्रुवारी १९२९ रोजी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात झाला. जगातील सर्वश्रेष्ठ चालकांत पुढे ज्यांची गणना झाली, त्या या माणसाने वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत मोटार चालवण्याचा परवानादेखील काढलेला नव्हता. त्यांची पहिली आवड नौकानयनाची. लंडन रोइंग क्लबच्या आठ वल्हेकऱ्यांच्या नौकेवर त्यांनी स्पर्धा गाजवल्या आणि पत्नी बेट यांची ओळखही त्यांना याच खेळामुळे झाली. पुढे ब्रँड्स हॅच येथील शर्यतमार्गावर एका पौंडात चार फेऱ्या मारू देणारी जाहिरात त्यांच्या पाहण्यात आली. त्या चार फेऱ्यांनी त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. हाती पैसा नव्हता. म्हणून शर्यतीच्या गाड्यांचे मेकॅनिक म्हणून राबत राबत त्यांनी चालकाच्या आसनापर्यंत मजल मारली.

१९५८ साली मोनॅको येथे ग्रॅहम यांनी फॉर्म्युला वनमध्ये पदार्पण केले. फॉर्म्युला वन ही एकआसनी शर्यती मोटारींची सर्वोच्च स्पर्धा. वर्षभरात निरनिराळ्या देशांत ‘ग्रां प्री’ नावाने तिच्या शर्यती होतात आणि त्यांतील गुणांच्या बेरजेवर विश्वविजेता ठरतो. ग्रॅहम हिल १९६२ साली बीआरएम संघाकडून आणि १९६८ साली लोटस संघाकडून विश्वविजेते झाले. मोनॅकोच्या अरुंद, वळणावळणांच्या रस्त्यांवरील शर्यत त्यांनी पाच वेळा जिंकली. अमेरिकेतील इंडियानापोलिस ५०० मैलांची शर्यत त्यांनी १९६६ साली आणि फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत १९७२ साली जिंकली. विश्वविजेतेपद, इंडियानापोलिस आणि ल मां असे तिहेरी यश आजवर त्यांच्यावाचून दुसऱ्या कोणाच्याही पदरी पडलेले नाही.

शर्यतीच्या वेळी ते जे शिरस्त्राण घालीत, त्यावर त्यांनी आपल्या जुन्या नौकानयन क्लबची खूण मिरवली होती. गडद निळ्या पार्श्वभूमीवर वल्ह्यांच्या आकाराचे आठ पांढरे पट्टे. आपण कोठून आलो याची ती जणू आठवण होती. हे निळे-पांढरे शिरस्त्राण पुढे या घराण्याचे मानचिन्हच ठरणार होते.

धुक्यातली रात्र

१९६९ साली अमेरिकेतील वॉटकिन्स ग्लेन येथे झालेल्या अपघातात ग्रॅहम यांचे दोन्ही पाय मोडले. त्यातून सावरून ते पुन्हा गाडीत बसले. पुढे त्यांनी स्वतःचा संघही उभारला. १९७५ साली त्यांनी चालक म्हणून निवृत्ती स्वीकारली, आणि आता धोका टळला असे घरच्यांना वाटले असल्यास नवल नाही.

त्याच वर्षी २९ नोव्हेंबरच्या रात्री दक्षिण फ्रान्समधील पॉल रिकार मार्गावरील चाचण्या आटोपून ते आपल्या संघातील पाच जणांसह स्वतः विमान चालवीत परतत होते. लंडनजवळ दाट धुके पसरलेले होते. एल्स्ट्री येथील धावपट्टीवर पोचण्यापूर्वीच आर्कली येथील गोल्फच्या मैदानावर ते छोटे विमान कोसळले आणि सहाही जण मृत्युमुखी पडले. मृतांमध्ये टोनी ब्राइझ हा उमदा तरुण चालकही होता. १७ सप्टेंबर १९६० रोजी जन्मलेला डेमन त्या वेळी पंधरा वर्षांचा होता. विमान कोसळल्याची वार्ता त्याच्या कानी प्रथम आली ती घरातील दूरचित्रवाणी संचावरून.

दुःखाच्या पाठोपाठ दुसरा आघात झाला, आणि बँक व्यवहारांशी परिचित वाचकांनी तो विशेष लक्षात घ्यावा असा आहे. तशा हवामानात विमान चालवण्यासाठी लागणाऱ्या परवान्यांची मुदत संपलेली होती आणि विमानाची नोंदणीही वैध राहिलेली नव्हती, असे चौकशीअंती आढळले. परिणामी विम्याचे संरक्षण निरुपयोगी ठरले. सोबतच्या प्रवाशांच्या कुटुंबीयांनी भरपाईचे दावे दाखल केले. त्यांचीही घरे उद्ध्वस्त झाली होती. त्यांचा तो न्याय्य अधिकारच होता. मात्र त्या दाव्यांची पूर्तता ग्रॅहम यांच्या मालमत्तेतून करावी लागली. हर्टफर्डशायरमधील शेनली येथील प्रशस्त घर विकावे लागले आणि बेट हिल आपल्या तीन मुलांसह लहान घरात राहावयास गेल्या.

ग्रॅहम हिल यांच्यासारखा सावध चालक, गाडीची प्रत्येक खिळमोळ स्वतः तपासून तिची नोंद वहीत ठेवणारा माणूस. परंतु काही कागदांचे नूतनीकरण त्यांच्या हातून राहून गेले. हे लिहिण्यात त्यांच्या थोरवीला उणेपणा आणण्याचा हेतू नाही. कर्तबगार माणसाकडूनही नेमकी अशीच चूक घडते, हे ध्यानी यावे एवढ्यासाठीच हा उल्लेख.

मजुरी, मोटारसायकल आणि कर्ज

दोन वेळच्या विश्वविजेत्याचा मुलगा आता स्वतःच्या कष्टांवर उभा राहू लागला. बांधकामावर मजूर म्हणून आणि मोटारसायकलवरून टपालाची पाकिटे पोचवणारा म्हणून डेमनने कामे केली. त्यातून शिल्लक राही ते पैसे तो आपल्या आवडीवर खर्च करी. ही आवड चार चाकांची नव्हती. वडिलांच्या क्षेत्रापासून तो काहीसा दूरच होता. त्याचे मन मोटारसायकलच्या शर्यतींत रमलेले होते. १९८४ साली ब्रँड्स हॅच येथील ३५० सीसी गटातील क्लब पातळीचे विजेतेपद त्याने मिळवले. ज्या मार्गावर त्याच्या वडिलांनी एक पौंड मोजून चार फेऱ्या मारल्या होत्या, तोच हा मार्ग.

मुलगा दोन चाकांवर जीव धोक्यात घालतो, याची आईला चिंता वाटे. पतीला गमावलेल्या त्या माउलीने एक विलक्षण तोडगा काढला. मोटारसायकलपेक्षा मोटार बरी, या विचाराने तिने त्याला १९८३ साली फ्रान्समधील विन्फिल्ड या शर्यत-प्रशिक्षण शाळेत पाठवले. शर्यतीपासून तो परावृत्त होणार नाही, हे तिने ओळखले होते. निदान चार चाकांचा आधार तरी असावा, एवढीच तिची इच्छा होती.

हिल हे आडनाव दारे उघडून देत असेल, असे आपणास वाटेल. ते काही प्रमाणात खरेही होते. परंतु त्या आडनावामुळे प्रत्येक शर्यतीत त्याची तुलना एका दंतकथेशी होत असे. नवख्या चालकाला चुका करण्याची जी मुभा असते, ती त्याला मिळाली नाही. शिवाय हा खेळ अत्यंत खर्चिक. गाडी, टायर, इंजिनांची दुरुस्ती, संघाचा प्रवास या सर्वांसाठी प्रायोजक मिळवावे लागतात, आणि न मिळाल्यास स्वतःच्या खिशात हात घालावा लागतो. फॉर्म्युला फोर्ड या प्राथमिक गटातून १९८६ साली ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीमध्ये जाताना डेमनने शर्यतींसाठी एक लाख पौंडांचे कर्ज काढले. पंचविशीतल्या, तारण म्हणून केवळ उमेद असलेल्या तरुणाने एवढी जोखीम उचलावी, यावरून त्याचा निर्धार दिसतो.

यश मात्र सावकाश आले. फॉर्म्युला थ्रीमध्ये मोजके विजय मिळाले. त्यावरच्या फॉर्म्युला ३००० या गटात तर तो अनेकदा आघाडीवर राहिला, पण तेथे एकही शर्यत जिंकू शकला नाही. दरम्यान विवाह झाला होता. थोरला मुलगा ऑलिव्हर हा डाउन सिंड्रोम घेऊन जन्माला आला. घरची जबाबदारी वाढलेली आणि व्यवसायात स्थैर्य नाही, अशी ती वर्षे होती.

पडद्यामागचा चालक

१९९१ साली विल्यम्स या आघाडीच्या संघाने डेमनला चाचणीचालक म्हणून घेतले. चाचणीचालक शर्यतीत उतरत नाही. रिकाम्या मार्गावर दिवसेंदिवस गाडी पळवून तिचे गुणदोष अभियंत्यांना सांगणे हे त्याचे काम. टाळ्या नाहीत, छायाचित्रे नाहीत. परंतु ज्या गाडीने १९९२ साली नायजेल मॅन्सेलला विश्वविजेता केले, तिच्या जडणघडणीत या अबोल कष्टांचा वाटा होता. वडील ज्या मार्गाने शिकले, म्हणजे गाडीच्या अंतरंगाशी ओळख करून घेऊन, त्याच मार्गाने मुलगाही शिकत होता.

त्याच वर्षी ब्रॅबहॅम या डबघाईला आलेल्या संघाकडून त्याला प्रत्यक्ष शर्यतीची संधी मिळाली. आठ वेळा प्रयत्न करून त्याची गाडी केवळ दोन शर्यतींसाठी पात्र ठरली. पहिली ग्रां प्री सिल्व्हरस्टोन येथे, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. त्यात तो सोळावा, म्हणजे शर्यत पूर्ण करणाऱ्यांत शेवटचा आला. ज्या गाडीवर त्याने चाचण्यांत घाम गाळला होता, तीच गाडी मॅन्सेलच्या हाती पहिली आली.

१९९३ साली विल्यम्समध्ये जागा रिकामी झाली आणि डेमनची निवड झाली. मॅन्सेल फॉर्म्युला वन सोडून गेल्यामुळे विश्वविजेत्याचा १ हा क्रमांक कोणालाच देता येत नव्हता. संघातील ज्येष्ठ चालक अ‍ॅलन प्रोस्ट यांना २ आणि डेमनला ० हा क्रमांक मिळाला. पुढील वर्षीही हाच योग आला. शून्य क्रमांक लावून शर्यतीत उतरणारा हा चालक शून्यातूनच वर आलेला होता.

त्या वर्षी मोनॅकोत एक हृद्य प्रसंग घडला. आयर्टन सेनाने तेथील सहावी शर्यत जिंकून ग्रॅहम हिल यांचा पाच विजयांचा विक्रम मोडला, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या पायरीवर उभा होता डेमन. वडिलांचा विक्रम मुलाच्या डोळ्यांदेखत इतिहासजमा झाला. पुढे सिल्व्हरस्टोनला आघाडीवर असताना इंजिन निकामी झाले. जर्मनीत अवघ्या दोन फेऱ्या उरल्या असता टायर फुटला. तरीही १५ ऑगस्ट १९९३ रोजी हंगेरीत पहिला विजय त्याच्या हाती आलाच. त्यापाठोपाठ बेल्जियम आणि इटली येथील शर्यतीही त्याने जिंकल्या.

स्पेन, दोनदा

ज्या वारशाचा उल्लेख प्रारंभी केला, तो समजून घेण्यासाठी आपणास १९६८ सालापर्यंत मागे जावे लागेल. त्या वर्षी ७ एप्रिल रोजी जर्मनीतील हॉकेनहाइम येथे लोटस संघाचा महान चालक जिम क्लार्क अपघातात मरण पावला. महिना होतो न होतो तोच ७ मे रोजी लोटसची गाडी चालवताना माइक स्पेन्स हाही इंडियानापोलिस येथे दगावला. संघ खचून गेला. त्या वेळी संघातील ज्येष्ठ चालक होते ग्रॅहम हिल. १२ मे रोजी स्पेनमधील हारामा येथे त्यांनी ग्रां प्री जिंकली. त्या विजयाने संघाला पुन्हा उभे केले आणि त्याच वर्षी ते दुसऱ्यांदा विश्वविजेते झाले. डेमन त्या वेळी सात वर्षांचा होता.

आता १९९४. प्रोस्ट निवृत्त झाल्यावर आयर्टन सेना विल्यम्समध्ये डेमनचा सहकारी म्हणून दाखल झाला. इमोला येथे ३० एप्रिल रोजी पात्रता फेरीत रोलंड रॅट्झेनबर्गर हा ऑस्ट्रियन चालक मृत्युमुखी पडला. दुसऱ्या दिवशी, १ मे रोजी, शर्यतीत सेनाची गाडी भिंतीवर आदळली आणि त्याचा अंत झाला. शर्यत थांबवून पुन्हा सुरू करण्यात आली. सेनाच्या गाडीत नेमके काय बिघडले, हे कोणास ठाऊक नव्हते. आणि तशाच दुसऱ्या गाडीत बसून डेमनला पुन्हा मार्गावर जावयाचे होते. तो गेला आणि सहावा आला.

दोन आठवड्यांनी मोनॅकोत विल्यम्सने एकच गाडी उतरवली, ती डेमनची. पहिल्याच फेरीत ती अपघातात बाद झाली. त्यानंतर २९ मे रोजी स्पेनमधील बार्सिलोना येथील शर्यत होती. संघातील यंत्रज्ञांचे चेहरे उतरलेले, संघप्रमुखांपुढे चौकशीचे सावट, आणि सारी भिस्त आदल्या वर्षीच नियमित चालक झालेल्या एका माणसावर. डेमनने ती शर्यत जिंकली.

देश तोच, महिना तोच, प्रसंगही तोच; केवळ सव्वीस वर्षांचे अंतर. वडिलांनी मुलाला असे काही शिकवून ठेवले असेल, हे संभवत नाही. सात वर्षांच्या मुलाला ते कसे शिकवावे? परंतु घरातील मोठी माणसे दुःखातही आपले काम कसे करतात, हे मुले पाहत असतात. न्यायालयाचा कोणताही हुकूमनामा या संचितावर टाच आणू शकत नव्हता.

एका गुणाचे अंतर

त्या हंगामात जर्मनीचा मायकेल शूमाकर आघाडीवर होता. दोन शर्यतींतून अपात्र ठरल्यामुळे आणि दोन शर्यतींची बंदी आल्यामुळे त्याची आघाडी घटली, आणि डेमन नेटाने गुण जमवीत राहिला. सिल्व्हरस्टोनची ब्रिटिश ग्रां प्री त्याने जिंकली; वडिलांना ती कधीच साधली नव्हती. जपानमध्ये मुसळधार पावसात त्याने शूमाकरला मागे टाकले. अखेर १३ नोव्हेंबर १९९४ रोजी ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड येथील शेवटच्या शर्यतीस प्रारंभ झाला, तेव्हा दोघांत केवळ एका गुणाचा फरक होता.

छत्तिसाव्या फेरीत शूमाकरची गाडी मार्गाबाहेर जाऊन भिंतीला घासली व पुन्हा मार्गावर आली. मागून येणाऱ्या डेमनने वळणावर पुढे जाण्याचा प्रयत्न केला. दोन्ही गाड्या एकमेकींवर आदळल्या. शूमाकर तेथेच बाद झाला. डेमनच्या गाडीचा पुढील चाकाजवळचा भाग वाकला आणि तोही बाद झाला. ९२ विरुद्ध ९१ अशा गुणांनी शूमाकर विश्वविजेता ठरला. ही टक्कर हेतुपुरस्सर होती का, यावर आजही वाद झडतात. पंचांनी तो शर्यतीतील सामान्य अपघात मानला आणि विल्यम्स संघाने तक्रार नोंदवली नाही. ज्या संघाने त्याच वर्षी सहकारी गमावला होता, त्याला विजेतेपदासाठी भांडण्याची इच्छा उरली नसावी.

१९९५ साली डेमन पुन्हा शूमाकरच्या मागे दुसरा राहिला. त्याच्या हातून चुका घडल्या, टीकाही झाली. या माणसाजवळ विश्वविजेत्याची धार नाही, असे लिहिले जाऊ लागले.

सुझुका, १३ ऑक्टोबर १९९६

१९९६ साली विल्यम्समध्ये त्याचा नवा सहकारी आला तो कॅनडाचा जॅक व्हिलनव्ह. हाही एका नामवंत चालकाचा मुलगा. वडील जिल व्हिलनव्ह १९८२ साली बेल्जियममधील झोल्डर येथे पात्रता फेरीत मरण पावले, तेव्हा जॅक अकरा वर्षांचा होता. अशा रीतीने पोरवयात पितृछत्र हरपलेले दोन पुत्र एकाच संघाच्या गाड्यांतून एकाच मुकुटासाठी झुंजत होते.

डेमनने सोळापैकी आठ शर्यती जिंकल्या. मोनॅकोत तो आघाडीवर होता, पण इंजिनाने दगा दिला. जेथे वडील पाच वेळा जिंकले, तेथे मुलाला एकदाही विजय मिळाला नाही. हंगाम ऐन भरात असतानाच आणखी एक बातमी आली: पुढील वर्षासाठी विल्यम्सने दुसऱ्या चालकाशी करार केला होता. ज्या संघाला त्याने दुःखातून वर काढले होते, त्या संघात विजेता होऊनही त्याला जागा उरणार नव्हती. नोकरीचा शेवट ठरलेला असताना काम तितक्याच निष्ठेने पार पाडणे किती अवघड असते, हे सांगावयास नको.

जपानमधील सुझुका येथील शेवटच्या शर्यतीत जॅकला विजेतेपदासाठी शर्यत जिंकणे आवश्यक होते, आणि डेमनला एकही गुण मिळता कामा नये होता. सदतिसाव्या फेरीत जॅकच्या गाडीचे चाक निखळले. विजेतेपद त्याच क्षणी निश्चित झाले. तरी डेमन थांबला नाही. शर्यतही त्यानेच जिंकली. अंतिम गुण ९७ विरुद्ध ७८. इंग्लंडमध्ये तेव्हा पहाट सरत होती. दूरचित्रवाणीवरील ज्येष्ठ समालोचक मरे वॉकर यांचा कंठ दाटून आला आणि त्यांना बोलणे थांबवावे लागले.

विश्वविजेत्याचा मुलगा विश्वविजेता होण्याचा हा पहिलाच प्रसंग. पुढे २०१६ साली निको रोस्बर्गने आपले वडील केके रोस्बर्ग यांच्यामागून असे यश मिळवले. सुझुका येथे अंतिम रेषा ओलांडणाऱ्या शिरस्त्राणावर तीच आठ पांढरी वल्ही होती.

मुकुट उतरल्यावर

१९९७ साली १ क्रमांक लावून डेमन अ‍ॅरोज या दुबळ्या संघाकडून उतरला. हंगेरीत त्याने सर्वांना चकित करून मोठी आघाडी घेतली. पण अगदी शेवटी गाडीतील हायड्रॉलिक यंत्रणा बिघडली आणि अंतिम फेरीत तो दुसऱ्या क्रमांकावर घसरला. १९९८ साली बेल्जियममधील स्पा येथे भर पावसात त्याने जॉर्डन संघाला त्याचा पहिलावहिला विजय मिळवून दिला. १९९९ च्या अखेरीस त्याने निवृत्ती स्वीकारली. ११५ शर्यती, २२ विजय आणि एक विश्वविजेतेपद अशी त्याची कारकीर्द.

निवृत्तीनंतर मनावर दाटलेल्या खिन्नतेबद्दल, बालपणी दडपलेल्या पितृवियोगाच्या दुःखाबद्दल आणि त्यासाठी घेतलेल्या उपचारांबद्दल डेमनने पुढे मोकळेपणाने सांगितले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने हे सारे मांडले. जगज्जेत्याने आपल्या मनाची दुखणी उघड करणे हे शर्यत जिंकण्याइतकेच धाडसाचे. २००६ ते २०११ या काळात तो ब्रिटिश रेसिंग ड्रायव्हर्स क्लबचा अध्यक्ष होता, आणि याच काळात सिल्व्हरस्टोन येथील ब्रिटिश ग्रां प्री पुढील सतरा वर्षे राखणारा करार झाला. विशेष गरजा असलेल्या तरुणांसाठीच्या कार्यातही त्याने लक्ष घातले. त्यामागची प्रेरणा अर्थातच घरातली, ऑलिव्हरची होती.

धाकटा मुलगा जॉश यानेही तेच निळे-पांढरे शिरस्त्राण घालून शर्यतींत नशीब आजमावले. फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोचून २०१३ साली त्याने हा व्यवसाय सोडण्याचा निर्णय घेतला. तिसऱ्या पिढीने वारसा नम्रपणे खाली ठेवला, आणि तसे करण्याचे स्वातंत्र्य तिला होते. सक्तीने चालवावा लागतो, त्याला वारसा म्हणण्यापेक्षा ओझे म्हणणेच योग्य.

भारतीय वाचकांस या कथेचा एक दुवा जवळचा वाटेल. ज्या जॉर्डन संघाला डेमनने पहिला विजय मिळवून दिला, त्याच संघाकडून २००५ साली कोइमतूरच्या नारायण कार्तिकेयनने भारताचा पहिला फॉर्म्युला वन चालक म्हणून पदार्पण केले. त्याचे वडील जी. आर. कार्तिकेयन हे आपल्या काळातील नावाजलेले रॅलीपटू. त्याच्यामागून २०१० साली आलेला चेन्नईचा करुण चंढोक हाही मोटारक्रीडेत रमलेल्या घराण्याच्या तिसऱ्या पिढीचा. वेगाचे वेड घराण्यातून उतरते, ते असे.

ग्रॅहम हिल यांनी मुलासाठी ठेवलेले घर गेले, पैसा गेला. मागे उरले ते एक आडनाव, एका शिरस्त्राणाची नक्षी आणि १९६८ मधील स्पेनच्या त्या दुपारची आठवण. तेवढ्या भांडवलावर मुलाने आपले आयुष्य उभे केले. आपल्या मुलांना आपण काय देणार, याचा विचार करताना या दोन्ही बाजू ध्यानी ठेवाव्यात. विम्याचे नूतनीकरण, नामनिर्देशन आणि परवान्यांच्या मुदती आजच तपासून पाहाव्यात. त्या राहून गेल्या, तर त्यांची किंमत मागे राहिलेल्यांना मोजावी लागते. आणि कामाच्या ठिकाणी, अडचणीच्या दिवशी आपण कसे वागतो, इकडेही लक्ष असावे. घरातील एखादे सात वर्षांचे मूल ते पाहत असते.